बहेनजींच्या टाकीची भिंत

मी घरं पाडत नाही, कापतो. सौंसरमध्ये माझ्या दारासमोर टेम्पो लागला आणि त्यात मशीन चढायला लागलं, की शेजारचे अजूनही विचारतात, "आज कोनाचं घर पाडून राहिले भाऊ?" पाडणं वेगळं. त्याला घण लागतो, ब्रेकर लागतो. अख्खं घर हादरतं आणि ज्याला हात लावायचा नव्हता त्यालाही तडे जातात. कापणं म्हणजे स्लॅबमधून किंवा भिंतीतून हवा तेवढाच तुकडा काढून घ्यायचा आणि बाकीच्या घराला कळूही द्यायचं नाही. एकदा खालच्या खोलीत लेकरू झोपलेलं होतं आणि वर मी स्लॅबला भोक पाडत होतो. लेकरू उठलं, पण मशीन बंद झाल्यावर. इतका वेळ घुमणारा आवाज एकदम थांबला म्हणून ते घाबरलं.

आमचं मशीन दिसायला साधं आहे. एक मोटर, एक उभा दांडा आणि पोलादी नळी. त्या नळीच्या तोंडाशी हिऱ्याच्या भुकटीचे दात बसवलेले असतात. नळी गरगर फिरते, काँक्रीटमध्ये उतरते आणि आतला गोल तुकडा मुसळासारखा अख्खा बाहेर येतो. कापताना पाणी सतत लागतं, नाही तर दात जळतात. सरळ कापायचं असेल तर गोल पात्याचा हातकटर. बाकी सगळं कानावर. वाळू-गिट्टीतून जाताना मशीन एका सुरात बोलतं. आत लोखंडी सळई लागली की त्याचा आवाज जड होतो आणि वाहणाऱ्या राखाडी पाण्यात लोखंडाची चमकी दिसते. त्या आवाजाच्या नादात डाव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं, याचं वाईट वाटतं. पण उजवा कान अजून सळई ओळखतो.

गिऱ्हाईकं एकेक भेटतात. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिकडे जो तो घराला मजला चढवतो, जिना हलवतो, कुठे लिफ्ट बसवतो. तिथल्या एका संत्रा व्यापाऱ्यानं मला झोपायच्या खोलीच्या भिंतीत पलंगाच्या उंचीवर गोल भोक पाडायला सांगितलं. पडल्या पडल्या खालचा ट्रक भरताना दिसला पाहिजे म्हणे.

मी विचारलं, "शेठ, खिडकी काऊन नाही करत?"

ते हळूच म्हणाले, "खिडकी बायको बंद करते."

मोहगावला एका घरी मांजरीचं पिल्लू पावसाच्या पाण्याच्या पाइपात अडकलं होतं आणि तो पाइप कॉलमच्या काँक्रीटमध्ये गाडलेला. सारं घर कॉलमला कान लावून उभं. मी सकाळपासून मोजमाप करून, सळया चुकवून, जीव मुठीत धरून भोक पाडलं आणि आत टॉर्च मारला तर पाइप रिकामा. पिल्लू वरच्या तोंडातून निघून गच्चीवर ऊन खात बसलं होतं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की माझा हात आपोआप बहेनजींच्या टाकीकडे वळतो. ती सकाळ आठवली की आजही मी खुर्चीत नीट बसू शकत नाही.

बहेनजी म्हणजे आमच्या सौंसरच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, त्यामुळे सारं गाव त्यांना बहेनजीच म्हणतं. गल्लीच्या शेवटचं घर त्यांचं. घरापुढच्या पोर्चखाली जमिनीत पाण्याची जुनी टाकी, तिच्यावर स्लॅब आणि उतरायला एका कोपऱ्यात माणूस जाईल एवढं तोंड. मुलानं गाडी घेतली म्हणून पोर्च मोठा करायचं काम काढलं होतं. नव्या कॉलमसाठी टाकीच्या अगदी शेजारी छातीइतका खोल खड्डा खणून ठेवला होता. त्यामुळे टाकीची एक बाजू मातीतून बाहेर, उघडी पडलेली.

त्या दिवशी पुंडलिक टाकीत उतरला होता. पुंडलिक आमच्याकडचा नावाजलेला प्लंबर. मोटरचा फूटव्हॉल्व, म्हणजे टाकीच्या तळाशी पाइपाच्या तोंडावर बसणारी झडप, गळत होता, तो बदलायला नळ यायच्या आत तो रिकाम्या टाकीत उतरला. आणि माझं नि पुंडलिकचं बरेच दिवस बोलणं नव्हतं. कारण अगदी फालतू. तो छन्नी-हातोड्याचा माणूस. मी मशीन आणल्यावर चहाच्या टपरीवर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "याले भोक पाडाले बी लाइट लागते. आला मोठा भोकवाला." ते नाव मला चिकटलं. लोक घरी येऊन माझ्या बायकोला विचारायला लागले, "भोकवाले भाऊ हायेत का?" मी पुंडलिकशी बोलणं सोडलं. त्यानंही सोडलं.

तो खाली असताना पोर्चच्या कामाची रेती आली. ट्रॉली अंगणात मागे मागे आली आणि सारी रेती टाकीच्या स्लॅबवर रिकामी झाली. इतकी वर्षं त्या स्लॅबवर लोक बसले, उन्हात पापड वाळले, कोणाच्या मनात काही आलं नाही. पण बंद टाकीच्या ओलीनं आतून सळया गंजून फुगल्या होत्या आणि काँक्रीट पोखरलं होतं. स्लॅब मधून मोडला. एक तुकडा रेतीसकट खाली गेला. दुसरा एका कडेच्या गंजक्या सळयांना लटकून टाकीत तिरपा झुकला. उतरायचं तोंड बुजलं.

मला फोन आला तेव्हा मी मोहगावच्या कामासाठी टेम्पो भरत होतो. बहेनजी फोनवर ओरडत नव्हत्या. वर्गात बोलायच्या तशाच बोलल्या, "सुधाकर, पुंडलिक माझ्या टाकीत दबला आहे. आवाज येऊन राहिला त्याचा. मशीन घेऊन ये." माझा मेहुणा अशोक माझ्याबरोबर काम करतो. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता टेम्पो सुरू केला.

पोहोचलो तर अंगणात गर्दी. दोघा गवंड्यांनी फावडी उचलली होती, कोणी ब्रेकर आणायला निघाला होता. मी जमिनीवर पालथा पडलो आणि फटीतून आत पाहिलं. लटकलेला तुकडा नुसत्या चार गंजक्या सळयांवर होता. वरून एक घण पडला असता तरी तो खाली बसला असता, आणि खाली पुंडलिक होता.

"वरून कोनी हात लावू नका," मी म्हणालो. "बाजूनं जाऊ."

त्यासाठीच देवानं जणू तो कॉलमचा खड्डा खणून ठेवला होता. मी खड्ड्यात उतरलो आणि टाकीच्या उघड्या भिंतीवर लोखंडी पान्यानं ठोकलं. आतून टकटक आली. खालून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. पुंडलिक बसलेला होता, किंवा उठू शकत नव्हता.

वरून एक जण म्हणाला, "भोक वर पाडा भाऊ, हवा भेटन त्याले."

हवा फटींमधून जातच होती. मला दुसरीच काळजी होती. मी वर पाहून विचारलं, "बहेनजी, नळ केव्हा येतो?"

त्यांचा चेहरा उतरला. "आता येईलच."

नळाचा पाइप स्लॅबबरोबर मोडून टाकीत लोंबत होता आणि तो बंद करायची चावी मलब्याखाली गेली होती. नळ आला की सारं पाणी टाकीत पडणार. भोक वर पाडलं तर पाणी तिथपर्यंत चढणार. खाली पाडलं तर पाणी माझ्या खड्ड्यात येणार, आणि खड्ड्यात मी विजेचं मशीन धरून उभा. अशोकला हे माझ्याआधी कळलं. तो म्हणाला, "भाऊजी, खाली पाडाल तर तुम्ही पान्यात राहाल."

"ते पाहून घेऊ," मी म्हणालो. "लाव मशीन. गुडघ्याबरोबर."

एरवी मशीन बसवायला आम्ही भिंतीत बोल्ट ठोकतो. तेवढा ठोकाही मला नको होता. खड्ड्याच्या समोरच्या बाजूला फळी लावली, तिच्यापासून मशीनच्या पाठीपर्यंत लाकडी बल्ली ताणून बसवली आणि मशीन भिंतीशी दाबून धरलं. कापायला पाणी बारीक धारेनं हवं होतं. शेजारच्या घरी संत्र्याच्या फवारणीसाठी आणलेला कोरा पंप होता, अजून औषध न लागलेला. तो त्या घरच्या सुनेनं पाठीवर घेतला, खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि नेमकी नळीच्या तोंडाशी धार धरली. मी आजवर इतक्या लोकांबरोबर काम केलं, पण इतका स्थिर हात पाहिला नाही.

मशीन सुरू झालं. मी आयुष्यात इतकं हळू कधी कापलं नसेल. राखाडी पाणी भिंतीवरून ओघळत होतं. एक सळई लागली, आवाज जड झाला, मी दाब कमी केला, सळई सुटली. आणि मग हाताला तो हिसका जाणवला, नळी आरपार गेल्याचा. मशीन मागे घेतलं. काँक्रीटचा गोल तुकडा नळीबरोबर बाहेर आला. भिंतीत काळं भोक उरलं.

त्या भोकातून आधी दोन बोटं आली. मग हात आला, मनगटापर्यंत, सिमेंटच्या चिखलानं माखलेला. मी तो दोन्ही हातांनी धरला. इतका घट्ट धरला की आतून आवाज आला, "अबे, मोडशीन ना! कोन व्हय?"

"सुधाकर."

"कोनता सुधाकर?"

काय सांगणार? मी म्हणालो, "भोकवाला."

मग पुंडलिक हसला. कापऱ्या आवाजात, खोकत खोकत, पण हसला. "एवढा उशीर काऊन केला बे?"

वरच्या लोकांना काही दिसत नव्हतं, फक्त हसू ऐकू आलं. तेवढ्यानं सगळ्या अंगणात जीव आला. मी भोकातून टॉर्च आत दिला. त्यानं आतली हकीगत सांगितली. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत रेतीत आणि काँक्रीटच्या तुकड्याखाली दाबला गेला होता. लटकलेला स्लॅब डोक्याच्या हातभर वर होता आणि मधूनमधून त्याच्यातून गिट्टी गळत होती.

मी म्हणालो, "दरवाजा करतो तुह्यासाठी. इथंच, या भोकाभोवती."

"करजो. पन तो वरचा स्लॅब बोलून राहिला बरं का," तो म्हणाला. "सुधाकर, तो बोलून राहिला."

आणि तेवढ्यात नळ आला.

आमच्याकडे नळ येतो तो क्षण आनंदाचा. गल्लीभर बादल्या-घागरींचा आवाज होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक जाते, "नळ आला वो!" त्या दिवशीही हाक आली आणि आमच्या अंगणात मात्र सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. मोडलेल्या पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग पाणी सुटलं. आतून पुंडलिक ओरडला, "पानी! मह्या अंगावर पानी येऊन राहिलं!"

एक जण मोटरसायकलवर चाबीवाल्याला शोधायला निघाला. चाबीवाला म्हणजे मोहल्ल्या-मोहल्ल्यात मोठी चावी फिरवून नळ सोडणारा माणूस. आमचा नळ सोडून तो पुढच्या कुठल्या मोहल्ल्यात गेला होता, आणि फोन गाडीच्या डिक्कीत.

तेव्हा बहेनजी पोर्चच्या पायरीवर चढल्या. खड्ड्यात वाकलेल्या मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. पण तो आवाज! ज्या आवाजानं आम्ही पोरं बाकावरून उडी मारून उभे राहायचो, तो आवाज त्यांनी गल्लीत सोडला.

"मोटरा लावा! गल्लीतल्या सगळ्या मोटरा लावा! एकही नळ बंद नको!"

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. नळाला सरळ मोटर जोडली की ती लाइनीतलं पाणी ओढून घेते आणि पुढच्या घरांना थेंब मिळत नाही. यावरून आमच्या गल्लीत बायकांची भांडणं झालेली आहेत आणि ती भांडणं सोडवायला बहेनजीच जायच्या. त्यांचं घर शेवटचं, त्यामुळे सगळ्यात जास्त पाणी त्यांचंच तुटायचं. आज त्याच सांगत होत्या की ओढा, सगळं पाणी ओढा, माझ्या घरापर्यंत येऊ देऊ नका.

एका क्षणात गल्ली सुरू झाली. आधी एक मोटर, मग दुसरी, मग मोजताच येईना. घरोघरी घरघर. ज्यांच्याकडे मोटर नव्हती त्यांनी रस्त्यावरच नळ सोडून दिले. आणि पुंडलिक आतून म्हणाला, "कमी झालं. धार कमी झाली बहेनजी!"

कमी झालं, थांबलं नाही. आतलं पाणी चढत चढत माझ्या भोकापर्यंत आलं आणि भोकातून खड्ड्यात पडायला लागलं. गवंड्यांनी ओळ लावली आणि घमेल्यांनी पाणी उपसायला लागले. अशोकनं विटांवर फळ्या टाकून मला उभं केलं, वायर उंच बल्लीला बांधली. आमच्या विजेच्या लाइनीला एक बटण असतं, जरा करंट सुटला की ते आपोआप पडतं आणि सगळं बंद होतं. अशोक त्या बटणावर हात ठेवून बसला. म्हणाला, "मी इथून उठत नाही."

मला भीती वाटत होती का? वाटत असेल. पण खरं सांगतो, त्या वेळी अंगात जे भरलं होतं ते भीतीपेक्षा मोठं होतं. सगळं शरीर कान झालं होतं. मी चार कोपऱ्यांना चार भोकं घ्यायचं ठरवलं, मग कटरनं एकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ कापायचं. कोपरे गोल घेतले की भिंतीला कोपऱ्यातून तडा जात नाही, आणि आता वरच्या स्लॅबचा भार त्याच भिंतीच्या टोकावर लोंबत होता.

पुंडलिक माझा सोबती झाला. त्याची नजर वर, स्लॅबवर. गिट्टी गळली की तो ओरडायचा, "थांब!" मी मशीन सोडायचो. शांत झालं की म्हणायचा, "चालू दे." थांब, चालू दे. थांब, चालू दे. इतक्या दिवसांचं न बोललेलं आम्ही त्या दोन शब्दांत बोलून घेतलं.

तिसऱ्या कोपऱ्यावर असताना मला दिसलं की मधल्या भोकातून पडणारं पाणी पिवळसर झालं आहे. हात लावला तर रेती. पाणी रेतीला घेऊन बाहेर येत होतं. मी ओरडलो, "पुंडलिक, पायापाशी हातानं ढवळ! रेती वाहून राहिली!"

आतून छपछप आवाज येत राहिला. मग एकदम किंकाळी.

"हलला! पाय हलून राहिला सुधाकर! निघाला, निघाला!"

ज्या पाण्याला आम्ही सगळे भ्यालो होतो त्यानंच त्याचा पाय सोडवला. वर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बहेनजींनी दटावलं, "टाळ्या मागून! उपसा पाणी!"

चारही कोपरे झाले. आता कटर. पण कापलेला तुकडा आत पडला असता तर पुंडलिकच्याच अंगावर. म्हणून मधल्या भोकातून मी साखळीचं टोक आत दिलं. "तिथं सळईचा तुकडा असंल. साखळीच्या कडीत आडवा घाल." तो प्लंबर माणूस, अंधारात हातानं काम करायची सवय. क्षणात म्हणाला, "घातला. ओढून पाहा." साखळी ताणली, पक्की. तिचं दुसरं टोक टेम्पोला बांधलेल्या, वजन ओढायच्या चेनपुलीला लावलं.

कटरचं पातं काँक्रीटमध्ये शिरलं. शेजारची सून पंप मारत होती, तिचा पदर, माझे केस, सगळं राखाडी. वरची रेघ झाली, दोन्ही बाजू झाल्या. खालची रेघ पाण्यात होती, ती मी जवळजवळ आंधळेपणानं कापली. शेवटी तुकडा भिंतीत थरथरायला लागला. मी बाजूला झालो आणि अशोकला हात केला. चेनपुली कटकट करत फिरली. तुकडा हलला, अडला, पुन्हा हलला आणि पाणी, रेती, चिखल सगळ्यासकट भस्सकन खड्ड्यात आला.

भिंतीत दरवाजा झाला होता. छोटा, पण दरवाजा.

त्यातून पुंडलिकचं डोकं आलं. खांदे अडकले. "श्वास सोड!" मी म्हणालो. "सगळा सोड!" त्यानं सोडला, आणि मी आणि एका गवंड्यानं त्याला बगलेत धरून ओढलं. आम्ही तिघंही खड्ड्यात चिखलात आडवे झालो. वर जे ओरडणं झालं ते स्टेशनपर्यंत गेलं असेल.

त्याला वर घेतला. पायरीवर बसवला, अंगावर बहेनजींची शाल. दात वाजत होते. पाय सुजला होता, पण बोटं हलत होती. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "बहेनजी, फूटव्हॉल्व आतच राह्यला."

"राहू दे मेल्या!" बहेनजी म्हणाल्या, आणि इतका वेळ सरळ उभी असलेली ती बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

चहा आला. मी कप तसाच गरम तोंडाला लावायला गेलो. शेजारच्या सुनेनं तो घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "थांबा जरा भाऊ, थंडा होऊ द्या." तेवढ्यात टाकीतून आवाज झाला. मोठा नव्हता, एक जड, बसका आवाज. पायाखालची जमीन जराशी हलली. लटकलेला स्लॅब सळया तोडून खाली बसला होता, पुंडलिक जिथं बसला होता तिथं.

गल्लीत फक्त मोटरांची घरघर.

मग धापा टाकत चाबीवाला आला, हातात ती लांब चावी. त्याला मोटरसायकलवरच्या माणसानं काय सांगितलं होतं कोण जाणे. तो गर्दीकडे पाहून म्हणाला, "आजपर्यंत पानी सोडा म्हून लोक मांगं लागत होते. बंद करा म्हून पह्यल्यांदाच आले!" त्यावर जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पुंडलिक हसत होता, मी हसत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी.

अशोक टेम्पो वळवायला निघाला, पुंडलिकला दवाखान्यात न्यायला. पुंडलिकनं त्याला थांबवलं.

"आधी घरी. घर दवाखान्याच्या रस्त्यातच हाय. अन् गाडीत नको."

"पाय पाह्यला का आपला?" मी म्हणालो.

"मह्या बायकोले कोनी काही सांगतलं नाही अजून. गाडीत घालून नेलं तर ते दुरूनच पाहीन आन् रडाले लागन." तो उठून उभा राहिला. "चालत गेलो तर भेनार नाही. तू चाल मह्यासंगं."

त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही निघालो. गल्लीत वळलो आणि मी थबकलो. मोटरा कोणी बंदच केल्या नव्हत्या. साऱ्या गच्च्यांवरच्या टाक्या भरून वाहत होत्या. इकडून धार, तिकडून धार, सज्ज्यांवरून पाणी, रस्त्यावर पाणी, आणि वर लख्ख ऊन. पोरं त्यात नाचत होती. दारादारात बाया उभ्या होत्या. कोणी पुंडलिकला हात लावून पाहत होतं, कोणी नुसतं "बाप्पा, बाप्पा" म्हणत होतं. आम्ही त्या धारांखालून चाललो आणि त्याच्या अंगावरचं सिमेंट धुऊन निघत गेलं. कोपऱ्यापर्यंत येईतो तो पुन्हा माणसासारखा दिसायला लागला.

त्याचं घर दिसलं तसा तो थांबला. माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला, केस मागे सारले, ओठ दातांत दाबले आणि न लंगडता चालू लागला. त्याची बायको ओट्यावर बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली.

"आज लवकर आले?" ती म्हणाली. "ओले काऊन झाले असे?"

"टाकीचं काम होतं ना," पुंडलिक म्हणाला आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसला.